टाइम ब्लॉकिंगचं ॲप आणि एक दिवसाआड येणारे नळ: कुणी खरंच वापरतंय का?

तिसरा_मजला (धागाकर्ता)

मंडळी,

इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, घरूनच काम करतो. टीमची निम्मी माणसं पुण्यात, निम्मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. दुपारपर्यंत पुणेकर मीटिंगा लावतात, संध्याकाळी अमेरिकावाले जागे होतात, आणि ज्या कामाचा पगार मिळतो ते करायला रात्री जेवण झाल्यावर बसायचं असा प्रकार चालला होता. मग कंपनीनेच सगळ्यांना टाइम ब्लॉकिंगचं, म्हणजे दिवसाचे तुकडे पाडून प्रत्येकात एकेक काम बसवणारं, एक शेड्युलिंग ॲप दिलं.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: रिक्लेम, मोशन वगैरे जी ॲप आहेत त्यांचं तंत्र साधारण सारखंच. काम सांगायचं, किती तास लागतील ते सांगायचं, शेवटची तारीख आणि प्राधान्य द्यायचं. एका वेळी सलग बसायला कमीत कमी किती वेळ हवा, जास्तीत जास्त किती चालेल, तेही. सहा तासांचं काम मग ते स्वतःच दीड-दोन तासांचे तुकडे करून कॅलेंडरच्या मोकळ्या जागांत बसवतं. मध्येच कुणी मीटिंग टाकली की आपला ब्लॉक उचलून दुसरीकडे ठेवतं. जेवण, चालणं, वाचन हे 'सवय' म्हणून नोंदवायचं, म्हणजे साडेबारा ते अडीचच्या मध्ये केव्हाही पाऊण तास. काही ॲपमध्ये तर दिवस मोकळा असेपर्यंत हा ब्लॉक इतरांना रिकामाच दिसतो, जागा संपत आली की मग तो 'व्यस्त' होतो. ही युक्ती मला फार आवडली.

ऑफिसपुरतं झकास चालतं. अडतं ते घराशी.

आमच्याकडे नर्मदेच्या पाण्याचे नळ एक दिवसाआड येतात. आठवड्याचे वार सात, त्यामुळे या आठवड्यात सोम-बुध-शुक्र-रवि, तर पुढच्या आठवड्यात मंगळ-गुरू-शनि. आमच्या ॲपमध्ये सवय नोंदवायला गेलं की ते वार विचारतं. आता वार कुठून आणू? शेवटी गूगल कॅलेंडरमध्येच 'दर २ दिवसांनी' अशी सकाळची नोंद केली, ॲपने ती वाचली, सगळं सुरळीत. मग एकदा दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहिला, नळ एक दिवस पुढे सरकले आणि तिथून पुढची सगळी रांग उलटी झाली. ज्या दिवशी नळ नाहीत त्या दिवशी मोटर लावायची आठवण, आणि ज्या दिवशी टाकी भरायची त्या दिवशी पुण्याच्या मॅनेजरला माझी सकाळ मोकळी दिसतेय.

माझं मत असं होत चाललंय की या ॲपला काय करायचं ते सांगण्यापेक्षा कशाला हात लावायचा नाही ते सांगणं जास्त महत्त्वाचं. पण किती सांगायचं? आईची फिजिओथेरपी, मुलीची शाळेची व्हॅन, सिलिंडर, सगळंच घातलं तर कामाला जागा उरत नाही, आणि ॲप सांगतं की तुमचं काम मुदतीत बसत नाही. (खरं तर ते बरोबरच सांगतं!)

तुमच्याकडे कसं करता?

छप्पनची_शिकंजी

मी पयला. रात्री साडेदहाचा सराफा (खाऊगल्ली हो) कशात टाकलात भिया, कामात की सवयीत?

तिसरा_मजला

सवयीत. प्राधान्य एक, जागचा हलत नाही.

सही_शिक्का

धागा आवडला. मी सीए आहे. आमच्या धंद्यात तारखा सरकारच ठरवून देतं, त्यामुळे ॲपवाल्यांना वाटतं हे गिऱ्हाईक सोपं. टीडीएस ७ तारखेला, जीएसटीचं विक्रीचं विवरण (जीएसटीआर-१) ११ तारखेला, कर भरायचं विवरण (३बी) २० तारखेला, ॲडव्हान्स टॅक्स १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. सगळं आधीपासून ठाऊक, मग अडचण काय?

अडचण अशी की ॲपला फक्त शेवट कळतो. २० तारीख दिली की ते ३बीचं काम १ तारखेपासून इमानेइतबारे वाटून ठेवतं. सोमवारी सकाळी अकराला ब्लॉक उघडतो, 'अमुक ट्रेडर्स, ३बी, दोन तास'. अहो पण २बी, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणांवरून बनणारा खरेदीचा तक्ता, तयार होतो १४ तारखेला! त्याआधी खरेदीचा ताळा कशाशी जुळवू? आणि पार्टी कागद आणणार १८ ला संध्याकाळी, पिशवीत भरून, वर 'साहेब, बघून घ्या' म्हणून. म्हणजे पहिले पंधरा दिवस कॅलेंडर पोकळ कामांनी भरलेलं आणि शेवटच्या तीन दिवसांत बसायला जागा नाही.

यावर उपाय केला तो सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल. प्रत्येक कामाची दोन कामं केली. एक 'कागद मागणे', दहा मिनिटांचं, मुदत ५ तारीख. दुसरं खरं काम, त्यात 'या तारखेच्या आधी सुरू करू नये' हा रकाना भरायचा, मी १५ टाकतो. हा रकाना बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, कारण तो नेहमी खाली कुठेतरी दडवलेला असतो. तो भरल्यापासून महिन्याचे पहिले दहा दिवस कॅलेंडर मोकळं दिसतं. पार्टनरला वाटतं मी रिकामा बसलोय. बसू दे वाटत.

कागद तरीही १८ लाच येतात. त्यावर ॲप निघालेलं नाही.

अर्धविराम

इंग्रजी-मराठी भाषांतरं करते, घरूनच. वरच्या दोघांपेक्षा माझी तक्रार वेगळी आहे.

काम झालं नाही की ॲप ते मुकाट्याने उद्यावर टाकतं. उद्या झालं नाही तर परवावर. चेहऱ्यावर रेषही न उमटू देता. माझ्या यादीत 'जुन्या पारिभाषिक शब्दांची फाइल साफ करणे' असं एक काम होतं. रोज कुठे ना कुठे त्याचा हिरवा ब्लॉक दिसायचा, रोज तो पुढे जायचा, आणि मला मात्र सतत वाटत राहायचं की याची सोय लागलेली आहे. हाताने डायरी लिहिणाऱ्याला ही चैन नाही. न झालेलं काम त्याला दुसऱ्या दिवशीच्या पानावर पुन्हा उतरवून काढावं लागतं, आणि तिसऱ्यांदा उतरवताना हात थांबतो. एक तर माणूस उठून ते करून टाकतो, नाहीतर सरळ काट मारतो. ॲपने ही काट मारायची वेळच येऊ दिली नाही.

आता मी पुढे ढकलणं बंद करून टाकलंय. झालं नाही तर ब्लॉक तिथेच पडून राहू दे, लाल होऊन. शुक्रवारी संध्याकाळी बसते आणि एकेक उचलून स्वतः ठेवते, नाहीतर पुसते. त्या फाइलचं काम पुसलं.

शेव_परमल

@अर्धविराम, सहमत आणि असहमत. ढकलणं बंद केलं तर ॲप आणि साधं कॅलेंडर यात फरक काय राहिला? त्याचे पैसे ढकलण्याचेच तर आहेत.

माझा मुद्दा तासांचा. आपण ॲपला जो अंदाज देतो तोच मुळात थाप असतो. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच यावर लिहून ठेवलंय. पुढे १९९४ मध्ये एक अभ्यास आला, कॅनडात, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं की कधी पुरा होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. मग विचारलं, सगळंच्या सगळं बिघडलं तर? तर म्हणे ४९. प्रत्यक्षात लागले ५५. म्हणजे माणसाने मुद्दाम वाईटातलं वाईट धरून दिलेला आकडासुद्धा कमीच पडला.

आणि ॲपची सगळी हुशारी या आकड्यावर उभी. तुम्ही दोन तास म्हणालात, त्याने दोन तास ठेवले, तिसऱ्या तासाला मीटिंग लावू दिली. दुपारी दोनपासून सगळे डाव घसरायला लागतात आणि संध्याकाळी आपण म्हणतो ॲप बेकार आहे.

मी काय करतो: नवीन काम असेल तर त्याच्यासारखं मागचं काम कॅलेंडरात शोधतो आणि त्याला खरोखर किती ब्लॉक लागले ते मोजतो. तोच आकडा टाकतो. मन कितीही म्हणू दे की या वेळी लवकर होईल. टाइम ब्लॉकिंगचा मला झालेला मुख्य फायदा हाच, मागचं वर्ष लिहिलेलं सापडतं.

@तिसरा_मजला, नळाचा प्रश्न सोपा आहे. ज्या दिवशी नळ पुढे गेले त्या दिवशीची नोंद ओढून दुसऱ्या दिवसावर टाका. गूगल विचारेल, फक्त हीच नोंद, ही आणि यापुढच्या, की सगळ्या? मधलं निवडा. तिथून पुढची रांग नव्याने लागते, मागची तशीच राहते.

तिसरा_मजला

@शेव_परमल, करून पाहिलं, रांग लागली. आभार. 'ही आणि यापुढच्या' हा पर्याय डोळ्यांसमोर असून दिसत नव्हता.

ओटा

नमस्कार. मी डबे देते, पलासियाच्या बाजूला. ॲपबिप वापरत नाही, पण नळाचं वाचून लिहावंसं वाटलं.

दादा, तुम्ही सकाळची वेळ धरलीय, पण नळ काय तुमच्या घड्याळाने येतात का? आमच्या गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ज्याच्या घरी पहिल्यांदा पाणी येतं तो लिहितो, 'नळ आले'. की सगळ्या मोटरी सुरू. ते कॅलेंडरात कसं मावणार? तुम्ही दिवस तेवढा लिहा, वेळ लिहू नका.

माझं काम हलतच नाही. अकराला कणीक मळलेली पाहिजे, साडेबाराला पोरगा डबे न्यायला येतो. त्याच्या आत भाजी झाली तर झाली. तुमच्यासारखं 'दोन ते चारमध्ये केव्हाही पोळ्या' असं चालत नाही. मुलाने मला मोबाइलमध्ये ते रंगीबेरंगी करून दिलं होतं. सकाळी सहापासून दीडपर्यंत एकच पट्टा झाला. मी म्हटलं यात पाहायचं काय?

पण एक उपयोग झाला. सणाच्या ऑर्डरी. होळीच्या पुरणपोळ्या, दिवाळीचा फराळ. सून वेगळी ऑर्डर घ्यायची, मी वेगळी, आणि एकाच दिवशी दोघींच्या. आता दोघींच्या फोनवर एकच कॅलेंडर आहे. तिने घेतली की मला दिसते. दुपारी तीननंतरच्या जागा दोनच ठेवल्यात, त्या भरल्या की नाही म्हणायचं. आधी नाही म्हणायला जड जायचं, आता 'बाई, जागा नाही' म्हणते, फोन दाखवते.

सही_शिक्का

ताई, 'जागा नाही' म्हणून फोन दाखवणे हेच ते टाइम ब्लॉकिंग. आमच्याकडे यासाठी सेमिनार होतात.

कुलूप_किल्ली

जरा रसभंग करतो. बँकेच्या आयटीत आहे म्हणून लिहितोय.

ही ॲप जोडताना गूगलचा एक परवानगीचा पडदा येतो, ज्यावर सगळे न वाचता 'अनुमती' दाबतात. त्यात लिहिलेलं असतं की हे ॲप तुम्हाला उघडता येणारी सगळी कॅलेंडरं पाहू शकेल, बदलू शकेल, शेअर करू शकेल आणि कायमची पुसूही शकेल. ब्लॉक हलवायचे तर बदलायची परवानगी लागणारच, त्यात गैर काही नाही. पण 'सगळी' या शब्दाकडे लक्ष द्या. बायकोने तुमच्याशी शेअर केलेलं कॅलेंडरसुद्धा त्यात येतं.

दुसरं. घरचं आणि ऑफिसचं कॅलेंडर जोडलं की घरच्या नोंदी ऑफिसात उमटतात. त्या कशा उमटाव्यात ते सेटिंगमध्ये ठरवता येतं. फक्त 'व्यस्त' ठेवा. धागाकर्त्याने आईच्या फिजिओथेरपीचा उल्लेख केला, तो इथे ठीक आहे, पण ते नाव पुण्याच्या वीस माणसांना दिसायची गरज नाही. आमच्या ओळखीत एकाच्या नोकरीच्या मुलाखतीची वेळ अशीच त्याच्या साहेबांच्या पडद्यावर नावासकट उमटली होती. पुढचं सांगत नाही.

ॲप सोडलंत तर नुसतं फोनवरून काढून भागत नाही. गूगल खात्यात जाऊन त्याचा प्रवेशही काढा.

छप्पनची_शिकंजी

मुलाखतीचं पुढचं सांगा की!

जुनं_पंचांग

दिवसाचे ब्लॉक पाडायची हौस आपल्याकडे काही आजची नाही. सूर्योदय ते सूर्यास्त आठ भाग, झाली चौघडी. अमृत, शुभ, लाभ, चर ही चांगली, उद्वेग, रोग, काळ ही वाईट. इथे माळव्यात दुकानाचं शटर चौघडी बघून उघडणारे अजून आहेत. गंमत म्हणजे हे भाग घड्याळाच्या दीड तासाचे नेमके नसतात. उन्हाळ्यात दिवस लांबला की चौघडी लांबते, हिवाळ्यात आखडते. तुमच्या ॲपला हे जमतं का विचारा.

मी स्वतः ४८ मिनिटांचे ब्लॉक वापरतो. एक मुहूर्त, दोन घटका. तासाला बारा मिनिटं उरतात, त्यात पाणी, पाय मोकळे करणं, फोन. श्रद्धा म्हणून नव्हे, ६० मिनिटांचा ब्लॉक ६० मिनिटांत कधीच संपत नाही म्हणून.

शेव_परमल

४८ चा प्रयोग करण्यासारखा आहे. गूगल कॅलेंडरमध्ये मीटिंगा लवकर संपवायचं सेटिंग असतंच, अर्ध्या तासाची २५ मिनिटांत आणि तासाची ५० मिनिटांत. पंचांगवाले दोन मिनिटांनी पुढे.

वासी_उत्तरायण

बडोद्याहून. तुमच्या इंदूरच्या धाग्यात डोकावतोय. आमचं हेड ऑफिस मुंबईला. १४ जानेवारीचं उत्तरायण त्यांना संक्रांत म्हणून निदान ठाऊक तरी असतं. १५ ला आमच्याकडे वासी उत्तरायण, अख्खं शहर गच्चीवर. त्या दिवशी ॲपला माझा दिवस कोरा दिसतो आणि ते महिनाभर तुंबलेली सगळी कामं आणून तिथे ओततं. इतर दिवशी सुचत नाही ते त्याला त्या दिवशी सुचतं.

तिसरा_मजला

@वासी_उत्तरायण, आमचं दुखणं रंगपंचमी. पुण्याच्या सुट्ट्यांच्या यादीत धुळवड असते. इंदूरला खरा रंग पंचमीला, राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) निघते, त्या बाजूला जाऊन कुठलं काम होणार? २०२५ मध्ये १९ मार्च, बुधवार होता. टीमसाठी भर कामाचा दिवस. तिथीने येणारे दिवस 'दरवर्षी' म्हणून टाकता येत नाहीत, दर वर्षी पंचांग उघडून हातानेच टाकायला लागतात. मी आता गुढीपाडव्याला बसून वर्षभराचे टाकतो. रंगपंचमी, अनंत चतुर्दशीची झांक्यांची (चित्ररथांची) रात्र, घरचं श्राद्ध. पूर्ण दिवसाची नोंद करायची आणि तिथे 'व्यस्त' निवडायला विसरायचं नाही. पूर्ण दिवसाची नोंद गूगलमध्ये आपोआप 'मोकळा' अशी पडते, त्यामुळे ॲप तिच्यावरून खुशाल काम टाकतं. वासी उत्तरायणाला तुमचं हेच होत असणार.

वासी_उत्तरायण

पाहिलं. 'मोकळा'च होतं!

अर्धविराम

@शेव_परमल, तुमचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. फरक हा की ॲप मला सांगतं जागा आहे की नाही. नवीन काम आलं, क्लायंटने विचारलं गुरुवारी मिळेल का, तर मी ते काम नुसतं टाकून बघते. ॲप बाकीचं हलवून दाखवतं आणि कुठलं काम मुदतीबाहेर गेलं तेही. मग ते काढून टाकते आणि क्लायंटला सोमवार सांगते. त्याचे पैसे मी या एवढ्याचे देते.

एक प्रश्न मात्र आहे, अमेरिकावाल्यांशी काम करणाऱ्यांना. मार्चमध्ये माझ्या मीटिंगा आपोआप तासभर अलीकडे येतात. एक येते, एक येत नाही. हे काय गौडबंगाल आहे?

तिसरा_मजला

गौडबंगाल नाही, त्यांची घड्याळं बदलतात. २००७ पासून अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. न्यूयॉर्कची सकाळी ९ ची मीटिंग हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असते, उन्हाळ्यात साडेसहाला. आपलं घड्याळ बदलत नाही म्हणून आपल्याला वाटतं मीटिंग हलली. ब्रिटनमध्ये हाच बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये अमेरिकेचा ८ मार्चला (त्याच दिवशी रंगपंचमी, लक्षात राहील) आणि लंडनचा २९ ला.

परत येणारी मीटिंग ज्या टाइम झोनमध्ये बनवलेली असते त्या झोनच्या घड्याळाने चालते. तुमच्या दोनपैकी जी हलत नाही ती बहुतेक भारताच्या वेळेत बनवलेली असणार किंवा लंडनवाल्याने. नोंद उघडून टाइम झोन बघा.

अर्धविराम

उघडली. एक न्यूयॉर्कची, दुसरी लंडनचीच आहे, दुपारी दोनची. म्हणजे ८ ते २९ मार्च दोन्हींमध्ये तासाचं अंतर, आणि २९ पासून दोन्ही साडेसहालाच?

तिसरा_मजला

हो, हिवाळ्यात साडेसातला बसतात तशाच पुन्हा एकमेकींवर बसणार. लंडनवाल्यांना आत्ताच कळवा, ते एप्रिलचं कॅलेंडर आधी भरतात.